ताप उतरला, कोलेस्टेरॉलही उतरलं. मग ही आनंदाची बातमी का नाही?

पावसाळा सरत आला की वर्धा जिल्ह्यात तापाचे रुग्ण वाढतात. बहुतेकांचा ताप आठवडाभरात उतरतो. काहींचा मात्र उतरत नाही. न्यूमोनिया, लघवीच्या मार्गातला संसर्ग, पायाच्या जखमेतून पसरलेलं इन्फेक्शन किंवा स्क्रब टायफस अशा कारणांनी प्रकृती बिघडत जाते आणि रुग्णाला सेवाग्राम किंवा सावंगीच्या आयसीयूत न्यावं लागतं.

रुग्ण बरा होऊन घरी येतो तेव्हा सोबत जाडजूड फाईल येते. घरचे लोक एकेक रिपोर्ट उलगडून बघतात. त्यात कधी लिपिड प्रोफाइलचा कागद असतो आणि त्यावरचा आकडा बघून सगळे चकित होतात. समजा, वर्षभरापूर्वी २३० असलेलं कोलेस्टेरॉल आता थेट ११५ वर आलंय.

मग दोन निष्कर्ष काढले जातात. पहिला घरचा: ‘आजारानं का होईना, कोलेस्टेरॉल सुधारलं, आता गोळी बंद करू.’ दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवरचा: ‘गोळ्या खाऊन कोलेस्टेरॉल कमी झालं, म्हणूनच इन्फेक्शन झालं.’

हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे जिवावर बेतू शकतं. गंभीर जंतुसंसर्गात रक्तातल्या चरबीचं काय होतं आणि तो आकडा कसा वाचायचा, हे समजून घेऊ.

थोडक्यात

- गंभीर जंतुसंसर्गात एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि एलडीएल घसरतात. ट्रायग्लिसराइड्स बहुतेकदा वाढतात.
- ही घसरण आजाराची खूण आहे, तब्येत सुधारल्याची नाही.
- आजारपणातल्या लिपिड रिपोर्टवरून कोलेस्टेरॉलची गोळी सुरू किंवा बंद करू नये.
- जीव वाचतो तो वेळेवर मिळालेल्या अँटिबायोटिकमुळे आणि रुग्णालयातल्या उपचारांमुळे.

सेप्सिस म्हणजे नेमकं काय?

जंतुसंसर्ग झाला की शरीर त्याच्याशी लढतं. कधी कधी ही लढाई हाताबाहेर जाते आणि शरीराचीच प्रतिक्रिया मूत्रपिंड, फुप्फुसं, यकृत, मेंदू अशा अवयवांना इजा करू लागते. या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. २०१६ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी व्याख्या नव्याने मांडली, तीही याच अर्थाची आहे: संसर्गाला दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणं. रक्तदाब इतका खालावला की तो टिकवण्यासाठी औषधं चालू ठेवावी लागतात आणि पेशींपर्यंत पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही, तेव्हा त्याला सेप्टिक शॉक म्हणतात.

हा दुर्मिळ आजार नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी संबंधित होते. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक.

रक्तातल्या चरबीचं काम काय?

कोलेस्टेरॉल म्हटलं की हार्ट अटॅक डोळ्यांसमोर येतो. पण कोलेस्टेरॉलशिवाय शरीराचं चालत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असतं. पित्त त्यापासून बनतं, अनेक हार्मोन्सही त्यापासूनच बनतात.

रक्त मुख्यतः पाणी आहे आणि तेल पाण्यात मिसळत नाही. म्हणून शरीर चरबीला प्रथिनांच्या वेष्टनात भरून पाठवतं. एलडीएल आणि एचडीएल ही अशा पुड्यांचीच नावं. एलडीएल यकृताकडून पेशींकडे कोलेस्टेरॉल नेतं, एचडीएल उरलेलं कोलेस्टेरॉल परत यकृताकडे आणतं. ट्रायग्लिसराइड्स म्हणजे इंधन म्हणून वापरायची चरबी. ती नेणाऱ्या पुड्या वेगळ्या असतात.

निरोगी अवस्थेत साधारणपणे एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या खाली, ट्रायग्लिसराइड्स १५० च्या खाली आणि एचडीएल पुरुषांत ४० च्या वर, स्त्रियांत ५० च्या वर असणं चांगलं मानतात. हे सगळे आकडे १०० मिलिलिटर रक्तातल्या मिलिग्रॅमचे आहेत.

जंतूंचा चरबीशी काय संबंध?

संबंध जंतूंच्या आवरणातच आहे. ई. कोलाय, क्लेबसिएला अशा ‘ग्रॅम निगेटिव्ह’ जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एलपीएस नावाचं विषारी द्रव्य असतं. त्यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. जिवाणू मरताना किंवा वाढताना ते रक्तात सुटतं आणि शरीराची संरक्षण यंत्रणा खवळते.

या एलपीएसचा एक भाग चरबीचा असतो. त्यामुळे ते रक्तात फिरणाऱ्या एचडीएल आणि एलडीएलच्या पुड्यांमध्ये सहज अडकतं. एकदा अडकलं की त्याची खवळवण्याची ताकद बरीच कमी होते. मग पुडी यकृतात पोहोचते आणि विष पित्तावाटे बाहेर टाकता येतं. स्टॅफिलोकॉकससारख्या ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ जिवाणूंच्या आवरणातलं लायपोटायकॉइक अ‍ॅसिडही या पुड्या अशाच धरून ठेवतात.

थोडक्यात, कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या या पुड्या गंभीर संसर्गात सफाईचंही काम करतात.

मग कोलेस्टेरॉल घसरतं का?

एकाच वेळी अनेक गोष्टी घडतात.

- यकृत नेहमीची प्रथिनं बनवणं कमी करतं आणि संसर्गाशी लढायची प्रथिनं बनवायला लागतं. त्यामुळे नव्या पुड्या कमी तयार होतात.
- एचडीएलवरचं मुख्य प्रथिन हटवून त्या जागी सीरम अमायलॉइड ए नावाचं प्रथिन येतं. म्हणजे एचडीएलचं प्रमाणही कमी होतं आणि त्याचा दर्जाही बदलतो.
- रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि या पुड्या रक्ताबाहेर निसटतात.
- विष उचलून यकृताकडे नेण्यातही पुड्या खर्ची पडतात.
- अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसोल हे ताणाच्या काळातलं हार्मोन बनवायला कोलेस्टेरॉल लागतं.
- सलाईनमुळे रक्त पातळ होतं, जेवण तुटलेलं असतं; त्याचाही थोडा वाटा असतो.

या सगळ्याचा परिणाम म्हणून गंभीर सेप्सिसमध्ये एकूण कोलेस्टेरॉल नेहमीच्या निम्म्यावर येऊ शकतं. एचडीएलची घसरण अनेकदा आणखी ठळक असते. २००५ मध्ये तैवानमधल्या डॉक्टरांनी गंभीर सेप्सिसच्या ६३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्याच दिवशी ज्यांचं एचडीएल २० च्या खाली होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. अभ्यास लहान होता, पण एचडीएल फार खालावलं की आजार गंभीर असतो, हे नंतर इतर ठिकाणीही दिसलं.

म्हणूनच ११५ हा आकडा ‘सुधारणा’ नाही. यकृत, रक्तवाहिन्या आणि प्रतिकारयंत्रणा किती ताणाखाली होत्या, हे तो सांगतो.

आणि ट्रायग्लिसराइड्स का वाढतात?

याची उकल एका वेगळ्याच वाटेने झाली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आणि त्यांचे सहकारी परजीवीची लागण झालेल्या सशांवर काम करत होते. हे ससे खंगत चालले होते, तरी त्यांचं रक्त चरबीने दुधाळ झालं होतं. खाणं कमी, वजन कमी आणि रक्तात चरबी जास्त, हे कोडंच होतं.

उत्तर असं निघालं: संसर्गाच्या वेळी शरीरातल्याच पेशी एक द्रव्य सोडतात आणि त्यामुळे रक्तातली चरबी पेशींमध्ये ओढून घेणारं एन्झाइम मंदावतं. त्या द्रव्याला ‘कॅकेक्टिन’, म्हणजे खंगवणारं, असं नाव दिलं गेलं. १९८५ मध्ये लक्षात आलं की कॅकेक्टिन आणि टीएनएफ हे एकच आहेत. हाच टीएनएफ सेप्सिसमधल्या दाहाचा एक प्रमुख सूत्रधार आहे.

माणसातही तेच होतं. साठवलेली चरबी सुटी होते, यकृत तिच्यापासून ट्रायग्लिसराइड्सच्या पुड्या बनवून रक्तात सोडतं, पण त्या रिकाम्या होण्याचा वेग घटतो. म्हणून एकाच रिपोर्टवर कोलेस्टेरॉल १२० आणि ट्रायग्लिसराइड्स ३०० असं विचित्र वाटणारं चित्र दिसू शकतं.

कोलेस्टेरॉल कमी असलं की सेप्सिस होतो का?

व्हॉट्सअ‍ॅपवरचा दावा इथूनच जन्माला येतो. सेप्सिसच्या रुग्णांचं कोलेस्टेरॉल कमी असतं, हे खरं. पण त्यावरून कमी कोलेस्टेरॉलमुळे सेप्सिस झाला, असं ठरत नाही. पाऊस पडतो तेव्हा छत्र्या उघडतात, पण छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही.

हे तपासायचा एक चांगला मार्ग म्हणजे जन्मतः मिळालेली जनुकं. काहींचं एलडीएल जनुकांमुळेच आयुष्यभर कमी असतं. कमी एलडीएल हेच कारण असेल, तर अशा लोकांना सेप्सिस जास्त व्हायला हवा. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संसर्गामुळे दाखल झालेल्या ६१ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली गेली. वरवर पाहता कमी एलडीएल असणाऱ्यांना सेप्सिस जास्त होत होता. पण वय आणि इतर आजारांचा हिशेब केल्यावर हा संबंध उरला नाही. जनुकांमुळे एलडीएल कमी असणाऱ्यांतही धोका वाढलेला दिसला नाही. स्टॅटिन गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हाही संसर्गाचा धोका वाढल्याचं आढळलं नाही.

एचडीएलचं चित्र मात्र थोडं वेगळं आहे. डेन्मार्कमधल्या सुमारे एक लाख लोकांच्या पाहणीत ज्यांचं एचडीएल फारच कमी होतं त्यांना पुढे संसर्गाचे आजार जास्त झाले. गंमत म्हणजे ज्यांचं एचडीएल फारच जास्त होतं, त्यांनाही. एचडीएल संरक्षणात काही भाग घेत असावं, असं त्यावरून वाटतं. पण ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे सरळ गणित इथे लागू होत नाही.

आणखी एक उदाहरण बोलकं आहे. पीसीएसके९ नावाचं प्रथिन यकृताला रक्तातलं एलडीएल उचलण्यापासून रोखतं. ज्यांच्यात ते जन्मतः कमी काम करतं, त्यांचं यकृत एलडीएल भराभर उचलतं आणि रक्तातला आकडा कमी राहतो. कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात असे रुग्ण सेप्टिक शॉकमधून जास्त प्रमाणात वाचल्याचं आढळलं. एलडीएलसोबत त्यात अडकलेलं विषही लवकर साफ होत असावं, असा त्यामागचा तर्क. नंतरच्या सर्व अभ्यासांत हेच चित्र दिसलेलं नाही.

तरी यातून मुद्दा स्पष्ट होतो. सफाई जोरात चालू असल्यानेही आकडा कमी होतो आणि कारखाना बंद पडल्यानेही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

चरबी देऊन किंवा गोळी देऊन सेप्सिस बरा होतो का?

या पुड्या विष पकडतात म्हटल्यावर ‘मग बाहेरून चरबी दिली तर?’ हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला. शिरेतून चरबीयुक्त द्रव देऊन एंडोटॉक्सिन निष्प्रभ करायची मोठी चाचणी झाली. १,३०० हून अधिक रुग्णांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले: मृत्यू कमी झाले नाहीत.

उलट बाजूनेही प्रयत्न झाले. स्टॅटिन दाह कमी करतात, म्हणून गंभीर फुप्फुस-विकारात आणि सेप्सिसमध्ये त्या देऊन बघितल्या. २०१४ मध्ये रोझुव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिनच्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत रुग्णांना फायदा दिसला नाही.

म्हणजे प्रयोगशाळेत पटणारा तर्क रुग्णाच्या खाटेपाशी दरवेळी टिकत नाही. ‘आजारपणात दोन चमचे तूप जास्त खा, जंतूंचं विष शोषलं जाईल’ असा सल्ला कुणी पाठवला, तर त्याला कोणताही आधार नाही. अशक्त रुग्णाला पोषक जेवण हवंच, पण तो वेगळा विषय.

वर्ध्यासाठी याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट सिकलसेलची. विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांप्रमाणे वर्ध्यातही सिकलसेलची कुटुंबं आहेत. या आजारात प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे जिवाणूंचा गंभीर संसर्ग लवकर होतो. शिवाय या रुग्णांचं कोलेस्टेरॉल मुळातच कमी असतं. सिकलसेलच्या मुलाच्या रिपोर्टवर कोलेस्टेरॉल कमी दिसलं तर त्यात खुश होण्यासारखंही काही नाही आणि घाबरण्यासारखंही. पण अशा मुलाला ताप आला, तर वाट बघत बसू नये.

दुसरी गोष्ट शेताची. काटा रुतणं, विळ्याची जखम, चिखलात तासन्‌तास उभं राहणं हे इथे रोजचं. मधुमेह असेल तर पायाची जखम कळतही नाही. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि परिसरात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवत-झुडपांतल्या अतिसूक्ष्म किड्यांच्या अळ्या चावल्याने हा जिवाणूजन्य आजार होतो. चावल्याच्या जागी कधी कधी काळी खपली दिसते. काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी असेल तर ती लक्षातही येत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध वेळेत मिळालं तर रुग्ण बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसं आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतात.

तिसरी गोष्ट अंतराची. जिल्हा आठ तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १३ लाख. डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सेवाग्रामला सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, ही दोन्ही मोठी रुग्णालयं वर्धा शहराजवळच आहेत. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरकडच्या गावातून तिथे पोहोचायला वेळ लागतो. खर्चाची भीती त्यात भर घालते. सेवाग्रामने ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन गावांना आरोग्य विमा देण्याचा प्रयोग केला, तो याच अडचणीवर होता.

लवकर ओळख आणि लवकर औषध यांनी काय होऊ शकतं, हे विदर्भानेच जगाला दाखवलं आहे. वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत आरोग्यदूत महिलांना नवजात बाळांमधला जंतुसंसर्ग ओळखायला आणि घरीच अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. त्यासोबत बाळाची इतर काळजीही घरीच घेतली जात होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार या गावांतले नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. त्यासाठी ना लिपिड प्रोफाइल लागलं, ना महागडं यंत्र.

मग रिपोर्ट कसा वाचायचा?

- तारीख बघा. रक्त कधी घेतलं? ताप, ऑपरेशन किंवा आयसीयूच्या काळातलं असेल, तर तो आकडा तुमचा नेहमीचा आकडा नाही.
- पुन्हा तपासा, पण थांबून. किरकोळ तापानंतर दोन-तीन आठवडे आणि मोठ्या आजारानंतर साधारण तीन महिने थांबून केलेली तपासणी भरवशाची ठरते. आजारातून उठल्या उठल्या ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घेतलं, तर लिपिडचे पैसे वाया जाण्याची शक्यता जास्त.
- ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर एलडीएलवर विसंबू नका. अनेक लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, सूत्राने काढतात. इतक्या जास्त ट्रायग्लिसराइड्सला ते सूत्र चुकतं.
- आयसीयूत काय दिलं ते विचारा. गुंगीसाठी वापरलं जाणारं प्रोपोफॉल चरबीयुक्त द्रवातच असतं. शिरेतून दिलेल्या पोषणातही चरबी असते. त्यानेही ट्रायग्लिसराइड्स वाढतात.
- ट्रायग्लिसराइड्स १,००० च्या आसपास किंवा वर असतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.
- गोळी स्वतःहून बंद करू नका. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी तर अजिबात नाही. गंभीर संसर्गानंतरच्या काळात हार्ट अटॅकचा धोका वाढलेला असतो. नेमकी तेव्हाच गोळी सोडणं महागात पडू शकतं. रुग्णालयात ती थांबवली असेल, तर पुन्हा कधी सुरू करायची हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या.

कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही?

सेप्सिस ओळखायला कोलेस्टेरॉलची तपासणी लागत नाही. घरच्यांचे डोळे पुरतात. संसर्ग किंवा ताप असलेल्या माणसात यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा:

- श्वास भराभर चालणं किंवा धाप लागणं
- असंबद्ध बोलणं, गुंगी, माणूस न ओळखणं
- दिवसभर लघवी न होणं किंवा फारच कमी होणं
- हातपाय गार पडणं, त्वचेवर निळसर-काळपट चट्टे
- खूप थरथर, खूप ताप किंवा अंग एकदम थंड पडणं
- लहान बाळाने दूध ओढणं बंद करणं

म्हाताऱ्या माणसांना अनेकदा तापच येत नाही. ती नुसती सुस्त होतात, जेवण सोडतात. ‘वयानुसार होतं’ म्हणून ते सोडून देऊ नये.

सेप्टिक शॉकची शंका असेल तर तासाभरात अँटिबायोटिक द्यावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. गावात एक सलाईन लावून उद्या बघू म्हणण्यात हाच तास निघून जातो. १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून चोवीस तास उपलब्ध आहे. जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय पहिला डोस देऊन रुग्णाला पुढे पाठवू शकतं.

लिपिडचा कागद तीन महिन्यांनी पुन्हा काढता येतो. वर दिलेल्या लक्षणांच्या बाबतीत मात्र तीन तासांची वाट बघणंही जास्त होतं.